ड्रंक अँड ड्राइव्हची केस : ‘मिटवून टाका’ म्हणताना होणाऱ्या चुका

“मॅडम, दहा हजार आत्ता भरतो, पण आजच मिटवून टाका.” नाकाबंदीत पकडलेला माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं. डोळे तारवटलेले, अंगात रात्रीचाच शर्ट, शेजारी गप्प उभा भाऊ. त्याच्या लेखी हे मोठ्या रकमेचं ई-चलान असतं. पुढच्या सगळ्या चुका या एका समजुतीतून होतात, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मोटार वाहन कायद्याचं कलम 200 काही गुन्ह्यांत जागेवरच पैसे भरून प्रकरण संपवू देतं. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम 185 त्यांत नाही. त्यामुळे चौकात पावती फाडून हे संपत नाही आणि लोकअदालतीत तडजोडही होत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जातं. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद, 15,000 दंड किंवा दोन्ही. हे आकडे 1 सप्टेंबर 2019 पासूनचे आहेत. कुणी मित्र “दोन हजारांत सुटलो होतो” म्हणत असेल, तर तो जुन्या दराबद्दल बोलतोय.

रात्रीच्या चुका

श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकायला नकार देणं ही पहिली. नकार दिला की पुरावाच राहत नाही असं लोकांना वाटतं. उलट कलम 205 प्रमाणे योग्य कारणाशिवाय दिलेला नकार तुमच्याविरुद्ध वापरता येतो, आणि संशयाला जागा असेल तर विनावॉरंट अटकही होते.

दुसरी चूक हुज्जतीची. कलम 185 चा गुन्हा जामीनपात्र आहे; जामीन हा तुमचा हक्क आहे. पण पोलिसाला धक्काबुक्की केली की भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागू शकतं आणि ते अजामीनपात्र आहे. घरी जाऊ शकणारा माणूस मग कोठडीत बसतो. खिशातून नोटा काढून पुढे करणं त्याहून वाईट. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, 7 वर्षांपर्यंत कैदेचा.

अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर ताब्यातून सोडावं लागतं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 202 सांगतं. हे कलम अर्धवट वाचून लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “अडीच तास झाले होते, म्हणजे केस उडाली.” नाही उडाली. कलम ताब्यातून सोडण्याबद्दल बोलतं, खटला संपण्याबद्दल नाही. पण वेळ लिहून ठेवा : गाडी किती वाजता अडवली, यंत्रात किती वाजता फुंकलं, दवाखान्यात किती वाजता पोचलात. रक्त घेताना त्वचा कशाने पुसली तेही लक्षात ठेवा, कारण अल्कोहोल तपासायचं असेल तर तिथे स्पिरिट चालत नाही.

आणि ती पावती. ब्रेथ ॲनालायझरमधून निघणारी चिठ्ठी साधारणपणे थर्मल कागदाची असते, बसच्या तिकिटासारखी. एकदा एका पोराने पाकिटातून घडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. सहा महिने पँटच्या खिशात राहून ती कोरी झाली होती. कडेला नुसती निळसर रेघ. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, वेळ आणि रीडिंग असतं, बचाव करायचा झाला तर सुरुवात तिथूनच होते. मिळाली की त्याच दिवशी फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा.

“गुन्हा कबूल आहे?” याला घाईत “हो” म्हणणं

पुकारा होतो, तुम्ही आत जाता, न्यायाधीश आरोप समजावून विचारतात. मागे चाळीस माणसं रांगेत असतात. अशा वेळी “हो साहेब, दंड भरतो” हे आपसूक तोंडून निघतं.

टेम्पो चालवणाऱ्या एका दादांनी असंच केलं होतं. दंड भरला, पावती घेतली, बायकोला फोन करून “सुटलो” म्हणाले. आदेशातली पुढची ओळ त्यांनी ऐकलीच नव्हती : सहा महिने लायसन्स अपात्र. कलम 20 प्रमाणे 185 खाली दोषी ठरवलं की न्यायालयाला किमान 6 महिन्यांची अपात्रता घालावी लागते. ज्याचं घर स्टिअरिंगवर चालतं, त्याच्यासाठी दहा हजार ही या शिक्षेतली सगळ्यात हलकी बाजू. ते दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन निघाले होते. अपात्र असताना गाडी चालवणं हा कलम 182 चा वेगळा गुन्हा : 3 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 दंड किंवा दोन्ही. मला ते कळलं तेव्हा मी त्यांना भर रस्त्यात टेम्पो बाजूला घ्यायला लावला.

कबुली देऊच नये असं मी म्हणत नाही. रीडिंग मर्यादेच्या कितीतरी पट असेल, कागद चोख असतील, तर सरळ मान्य करणं प्रामाणिकपणाचं आहे आणि तारखांचे हेलपाटेही वाचतात. मात्र मान्य करण्याआधी वकिलाशी बसा. कबुलीनंतरचं अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा कायदेशीरपणावर होतं. “मी प्यायलोच नव्हतो” हे मग सांगता येत नाही. पहिलाच गुन्हा आहे, अपघात झालेला नाही, घर तुमच्यावर चालतं, हे लेखी अर्जात मांडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांची हेल्पलाइन 15100. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या फाटकात “साहेबांशी बोलतो” म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

तारीख चुकवणं

जामिनावर सुटलेला माणूस समन्सची वाट पाहत बसतो. भाड्याची खोली बदललेली असते, समन्स परत जातं, वॉरंट निघतं, आणि ते कळतं तेव्हा पोलिस दारात उभे असतात. केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख स्वतः बघा. येणं खरंच जमणार नसेल तर वकिलामार्फत आधी हजेरी माफीचा अर्ज. वॉरंट निघालंच असेल तर लपू नका. स्वतः हजर होऊन ते रद्द करण्याचा अर्ज देणाऱ्याकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहतं.

गाडी ठाण्यात अडकली असेल तर आरसी, विमा आणि ओळखपत्र जोडून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती परत मागण्याचा अर्ज करा. निकालापर्यंत तिला पावसात गंजू देण्याची गरज नाही.

लपवणं

पुण्या-मुंबईतल्या आयटीतल्या मुलांसाठी हे विशेष. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-160 फॉर्मवर प्रश्न ‘कधी अटक झाली होती का’ असाही असतो, फक्त शिक्षेचा नाही. पासपोर्टच्या अर्जात प्रलंबित खटला दडवणं हा आणखी एक गुन्हा. खटला चालू असताना परदेशी जायचं असेल तर त्याच न्यायालयाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळवण्याची सोय 1993 च्या अधिसूचनेत आहे. विमा कंपनीलाही खोटं सांगू नका. 2007 मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ आपटलेल्या एका पोर्शच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारणं योग्य ठरवलं, तेही श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसताना.

आरटीओकडून येणारं पाकीटही असंच न उघडता कपाटावर पडतं. पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स तिकडे जातं आणि कलम 19 खाली आरटीओ स्वतंत्रपणे 3 महिने अपात्र करू शकतं, दुसऱ्या खेपेला रद्दच. पण त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि पाकिटात असते ती त्या सुनावणीची नोटीस. तिच्यावरच्या दिवशी जा, कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल सोबत न्या. मुदत संपल्यावर लायसन्स आपोआप घरी येत नाही. परत मिळण्यासाठी कायद्यात चालकांच्या उजळणी प्रशिक्षणाची अट आहे. ते कुठे आणि कधी घ्यायचं, हे त्याच खिडकीवर विचारून घ्या.