क्रमहॉर्न आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र वाजवताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात ग्रिफॉनसारख्या बँडनी रेनेसाँ काळातली क्रमहॉर्नसारखी (वाकड्या नळीचं, फुंकून वाजवायचं वाद्य) वाद्यं लोकसंगीत आणि रॉकच्या मेळात आणली. हा प्रयोग करणाऱ्यांचं गणित बहुतेकदा मिक्सरवर नाही, त्याच्या कितीतरी आधी फसतं.

सुरुवात पट्टीपासून. आज बनणारी बरोक (रेनेसाँनंतरच्या काळातल्या धाटणीची) वाद्यं बहुधा ए = ४१५ हर्ट्झला लावलेली असतात, गिटार ४४०ला. फरक अर्ध्या स्वराचा. अशा वेळी गिटार आणि बेस अर्धा स्वर उतरवा. व्हायोला दा गांबा (गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) वर चढवायला जाऊ नका. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे तब्बल १२ टक्के. आतड्याची वरची तार तुटलीच म्हणून समजा.

क्रमहॉर्नला सनईसारखीच दुहेरी पत्ती असते, पण ती टोपीखाली झाकलेली. ओठ पत्तीला लागतच नाहीत, त्यामुळे लहान-मोठा आवाज जवळजवळ काढता येत नाही. जोरात फुंकलं की सूर चढतो. ड्रमच्या दणक्यात वादकाला स्वतःचं वाद्य ऐकू आलं नाही की तो नकळत जोर लावतो आणि बेसूर होतो. आपण दोष देतो त्याच्या कानाला! त्याला कानातला मॉनिटर द्या, त्यात त्याचाच आवाज सगळ्यांत वर ठेवा. चढ-उतार हवा असेल तर बाकीच्यांनी वाजवणं कमी करावं.

क्रमहॉर्नचा पल्ला जेमतेम नऊ स्वरांचा, तेव्हा चाल आधी तपासा. गिटारवाल्यांच्या लाडक्या ई आणि ए पट्ट्या इथे अडचणीच्या. सी किंवा एफ घ्या. तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डीचे आकार धरले की एफ मिळतो.

माइक वाद्याच्या वाकड्या तोंडाशी लावणं ही हमखास चूक. आवाज उघड्या भोकांतूनही येतो, त्यामुळे सगळी भोकं बंद असलेला खालचा स्वर तेवढा अंगावर येतो आणि बाकीचे मागे पडतात. माइक २५-३० सेंटिमीटरवर, नळीच्या मध्याकडे रोखा.

डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारवर पूर्ण मेजर कॉर्ड धरू नका. गिटारचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो (हार्मोनियमच्या गांधाराबद्दल आपल्याकडे होते तीच तक्रार), आणि डिस्टॉर्शनमध्ये तो खरखरतो. गिटारने षड्ज-पंचम धरावा, गांधार रेकॉर्डर या उभ्या बासरीवर सोडावा.

हर्डी-गर्डीचा (चाक फिरवून तारा घासत वाजवायचं वाद्य) पिझो पिकअप, म्हणजे कंपनं टिपणारा सेन्सर, थेट मिक्सरच्या माइक इनपुटला जोडला की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. मध्ये किमान १ मेगाओम इनपुटचा डीआय बॉक्स (पिकअपचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवा. तरीही कर्कश वाटलं तर इक्वलायझरला हात लावण्याआधी तारेवरचा कापूस बघा: कमी असेल तर तार किंचाळते, जास्त असेल तर स्वर उशिरा आणि दबका उमटतो. कॉर्ड सारख्या बदलणाऱ्या गाण्यात आसेच्या (सतत एकच स्वर धरणाऱ्या) तारा चाकावरून उचलून ठेवा.