केनियाला निघालात? आधी पिवळ्या तापाची लस

केनिया, युगांडा, ब्राझीलची तिकिटं काढली असतील, तर पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रमाणपत्र लागू होतं टोचल्यावर 10 दिवसांनी. त्याविना परतलात तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. गल्लीतल्या दवाखान्यात हे काम होत नाही, सरकारमान्य केंद्रच लागतं. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचं आहे. अंड्याची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. पिवळ्या कार्डावरचा, म्हणजे याच प्रमाणपत्रावरचा, पासपोर्ट नंबर अन् शिक्का खुर्चीवरून उठायच्या आत तपासा. घरात जुनं कार्ड सापडलं? उत्तमच, 2016 पासून एकच डोस आयुष्यभर चालतो. कार्ड मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा. सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, उतरल्यावर ते आधी मागतात, मोठी बॅग नंतर येते.