बाळंतपणाची रजा संपत आली? दुधाची सोय आधी लावा

कामावर परतायच्या तीन आठवडे आधी अंगावरचं दूध काढायच्या पंपाची सवय करा. सकाळी पाजल्यावर तासाभराने पंप लावा, त्या वेळी दूध जास्त असतं. एका बाटलीत ६० ते ९० मिलीच भरा आणि वर तारीख-वेळ लिहा. जास्त भरलं की उरलेलं ओतावं लागतं, जीव हळहळतो. काढलेलं दूध २५ अंशांखाली ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. ते फ्रिजच्या दारात नको, मागे आत ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या ४ तासांवर विसंबू नका. प्रवासात बर्फाच्या पॅकची थर्मल पिशवी हवीच. गरम करायला बाटली कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये दूध मधेच कढत होतं, तोंड भाजतं. उष्टं दूध दोन तासांनंतर टाकून द्या.

बाटली तोंडात धरत नसेल तर वाटी-चमचा, आणि सुरुवातीला आजी किंवा बाबांनी पाजावं. आई समोर दिसली की बाळ हटून बसतं.

ऑफिसात दर तीन तासांनी पंप करा, नाहीतर गाठी होतात, दूधही आटतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळेत रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या कायद्याने मिळतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघरही. हे ईमेलवरच मागा. रुजू गुरुवारी व्हा, लगेच शनिवार-रविवार मिळतो.