३९ डिग्रीला हसण्याआधी

२०२४च्या एप्रिलात बंगळुरूहून पोरीचा फोन आला. "बाबा, इथं ३८.५ झालं, जीव जातोय." मी छपरीत खाटेवर पडलेलो, डोक्याला ओला दुपट्टा, कूलरची मोटर दोन दिवसांपासून जळालेली. हसू आवरलं नाही. म्हटलं, "माय, ३८ तर आमच्याकडे होळीच्या मागंपुढं होऊन जाते." तिनं फोन ठेवला आणि आठवडाभर आईशीच बोलली.

तिची समजूत काढायला म्हणून मी आकड्यांच्या मागं लागलो. आमच्या विदर्भातल्या वरुड भागात संत्रावाले दुपारी पारावर बसून हेच करतात, मोबाईल काढायचा आणि थंड हवेच्या शहराला हसायचं. हसा, पण आधी एवढं करून पाहा.

सगळ्यात आधी आकडा कुठं मोजला ते बघा. हवामान खात्याचं तापमान उन्हातलं नसतं. जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत आणि खेळत्या हवेत मोजलेलं असतं. मला हे ठाऊक नव्हतं. कमाल-किमान तापमापक आणला आणि गोठ्याच्या टिनाच्या भिंतीला खिळा ठोकून टांगला. दुपारी ५१! अख्ख्या पारावर सांगून आलो. शेजारच्यानं विचारलं, "भाऊ, टिनाला हात लावून पाह्यला काय?" हात पोळला. मी हवा नाही, टिन मोजलं होतं.

मग संत्र्याची जुनी लाकडी पेटी घेतली. फटी असतातच तिला. पांढरा रंग मारला, वर फळी ठोकून छप्पर केलं आणि अंगणाबाहेर मातीच्या मोकळ्या जागेत खांबावर बसवली, दार उत्तरेकडे. सिमेंटचा ओटा, भिंत आणि कूलरची हवा, तिन्हींपासून लांब. त्याच आठवड्यात, तसल्याच उन्हात, आकडा ४४ आला. सात डिग्री नुसत्या टिनाच्या होत्या.

तापमापकाची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी असते. किमानाच्या बाजूची पट्टी उलटी, खाली जावं तसा आकडा वाढतो. पारा ज्या बारीक काड्या ढकलतो, त्यांचं खालचं टोक वाचायचं. सकाळी साडेआठला किमान, संध्याकाळी साडेपाचला कमाल. वाचून झालं की बटण दाबून किंवा लोहचुंबकानं काडी पुन्हा पाऱ्याला टेकवा. हे विसरलात तर कालचाच आकडा आज लिहाल. मी मेमध्ये तीन दिवस सलग ४५ लिहिलं होतं.

मोठ्या आकड्यावर जरा संशयही ठेवा. २०२४च्या मेअखेर दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदलं गेलं, नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं तर ५६ दाखवलं. दोन्ही बातम्या आमच्या ग्रुपवर नाचल्या. पुढं खात्यानंच सांगितलं की मुंगेशपूरचा सेन्सर तीन डिग्री जास्त दाखवत होता आणि नागपूरचा बिघडलेला होता. ती दुरुस्ती मात्र कोणी पुढं पाठवली नाही.

आता मुख्य गोष्ट, वजाबाकी. उच्चांकातून त्या गावाची त्या महिन्यातली दुपारच्या कमाल तापमानाची सरासरी वजा करा. बंगळुरूचा उच्चांक ३९.२, एप्रिल २०१६ मधला. तिथली एप्रिलातली दुपार सरासरी ३४च्या आसपास. उरले पाच. नागपूरचा उच्चांक ४७.९, २३ मे २०१३चा. इथली मेची सरासरी ४२-४३. पुन्हा पाचच! माझं हसू इथं थांबलं. त्यांची घरं, कपडे, सवयी ३४ला धरून. आपली वाळ्याची टट्टी, कांदा-पन्हं आणि बारानंतर बंद होणारी कवाडं ४३ला धरून. हवामान खातंही मैदानी भागात हीच वजाबाकी करतं: पारा किमान ४०वर आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्री चढला की उष्णतेची लाट. ४५ गाठलं तर मग सरासरी बघायचीही गरज नाही. पोरीला मी हेही ऐकवलं, की शरीराला वजाबाकी कळत नाही, ४७.९ ते ४७.९च. तेवढी बढाई माझ्याकडे राहू द्या.

नीचांकाचं साल बघायला विसरू नका. बंगळुरूचा ७.८ हा १३ जानेवारी १८८४चा आहे. तेव्हाचं शहर लहान. आता दिवसभर तापलेलं सिमेंट-डांबर रात्री ऊब सोडत राहतं. म्हणून जुने नीचांक मोडत नाहीत, असं मी ठोकून सांगू लागलो, तर नागपूरनं तोंडावर पाडलं: ३.५, डिसेंबर २०१८. आणि पुण्याचा ४३.३ हा उच्चांक १८९७चा. तेव्हा एका सालावरून सिद्धांत मांडू नका, नुसतं लिहून ठेवा.

बंगळुरूचा उच्चांक एप्रिलात आणि आपला मेअखेर का, याचं उत्तर उभ्या काठीच्या सावलीत आहे. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस तिथं २४ एप्रिलच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या. म्हणजे आपला नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक दिवस. दोन्ही उच्चांक त्या दिवसांना चिकटून आहेत. सूर्य पावसाळ्यात पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग आडवे असतात. शिवाय बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आणि नागपूर तीनशेवर. उंचीचा तो गारवा त्यांना बारा महिने मिळतो.

वरुडला हा दिवस २७-२८ मेचा. सपाट जागी काठी ओळंबा धरून सरळ रोवा आणि सव्वाबाराच्या दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. सावली बुडाशी गोळा होऊन नाहीशी झाली की फोटो काढा. मी माझा पोरीला पाठवला. ती म्हणाली, "आमची तर महिन्याआधीच गेली, बाबा. तेव्हाच फोन केला होता."