आपत्ती यायच्या आधीच देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जाऊन बोलून ठेवा

पूर येऊ दे, वादळ येऊ दे, भूकंप होऊ दे, घाबरलेली माणसं ओळखीच्या दाराकडेच जातात, आणि खूप जणांसाठी ते दार देवळाचं, मशिदीचं, चर्चचं, गुरुद्वाराचं नाहीतर विहाराचं असतं. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं तेव्हा कितीतरी चर्चनी आपले हॉल उघडून लोकांना आत घेतलं, आणि त्यातले बरेचसे हॉल निवाऱ्यांच्या अधिकृत यादीत नव्हतेच. म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाचं काम करणाऱ्या तुम्ही त्यांना तुमच्या प्लॅनमध्ये घ्या नाहीतर नका घेऊ, लोक तिथे जाणारच आहेत, मग आधीच बोलून ठेवलेलं बरं ना.

सुरुवात पत्र पाठवून करू नका, मीटिंगला ऑफिसात बोलवून तर अजिबात नको, तुम्हीच त्यांच्याकडे जा. सणाच्या धावपळीत जाऊ नका, निवांत दिवस बघून जा. मुख्य धर्मगुरूंना आणि विश्वस्तांना भेटायचंच, पण हॉलची चावी ज्याच्याकडे असते तो, लाउडस्पीकर सांभाळणारा, महिला मंडळातल्या ताई, तरुण पोरं, यांना भेटल्याशिवाय परत येऊ नका, कारण रात्री दोन वाजता फोन यांनाच जाणार आहे. गेल्यावर "आम्हाला तुमचा हॉल हवाय" हे पहिलं वाक्य नको. आधी विचारा की मागच्या संकटात तुम्ही लोकांनी काय काय केलं होतं, काय अडलं होतं. बहुतेक ठिकाणी त्यांनी तुमच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त केलेलं असतं आणि ते कुणी विचारलेलंच नसतं.

दुसरं विचारायचं ते एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिसवर किंवा ऑक्सिजनवर असलेल्या माणसांबद्दल. ही माहिती सरकारी यादीपेक्षा दर आठवड्याला प्रार्थनेला येणाऱ्या शेजारणीला नीट असते. पण नावांची यादी मागू नका, यादी त्यांच्याकडेच राहू दे, आम्हाला फक्त कुठल्या भागात किती जणांना उचलून आणावं लागेल एवढा आकडा द्या म्हणा, आणि प्रत्येकाकडे कोण जाणार ते त्यांनी त्यांच्यातच ठरवावं.

आता इमारत. इथे भावनेच्या भरात चूक होते, मोठं छप्पर दिसलं की ते सुरक्षितच असणार असं वाटतं. लिस्बनचा १७५५ चा भूकंप १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती सणाच्या सकाळी झाला, चर्च भरलेली होती आणि ती लोकांवर कोसळली. नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला झाला, तिथली बरीचशी चर्च शनिवारीच भरतात आणि प्रार्थनेला जमलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. म्हणून इंजिनिअरकडून तपासणी झाल्याशिवाय कुठल्याच वास्तूला निवारा म्हणू नका. पूर कुठवर येतो तेही बघा, कितीतरी प्रार्थनास्थळं नदीकाठीच असतात. इमारत कच्ची निघाली म्हणून ते लोक प्लॅनमधून बाद होत नाहीत, मोकळं पटांगण, स्वयंपाकघर, माणसं, सगळं उपयोगाचंच आहे.

किती माणसं मावतील हे नजरेने ठरवू नका. आपत्तीत मदत किमान किती हवी हे ठरवणारी स्फिअर मानकं जगभर वापरतात, त्यात निवाऱ्यात माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा आणि दिवसाला १५ लिटर पाणी धरलंय, आणि मुक्काम लांबला तर २० जणांमागे एक संडास. म्हणजे २१० चौरस मीटरच्या हॉलमध्ये ६० माणसं आणि रोज ९०० लिटर पाणी, आणि कार्यक्रमाला त्याच हॉलमध्ये ३०० लोक बसतात हे गणित इथे चालत नाही. बायकांना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, संडासाच्या वाटेवर दिवा, व्हीलचेअर जाईल असा उतार, हे आत्ताच बघून घ्या. जनरेटर इमारतीत किंवा खिडकीखाली कधीच नको, निदान ६ मीटर लांब ठेवा, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेली माणसं झोपेतच जातात.

मग एक पानाचा करार लिहा. भाषा साधीच पण लेखी हवा, ओळख कितीही जुनी असली तरी. वीजबिल कोण भरणार, मोडतोड झाली तर कोण बघणार, विमा लागू होतो का, गाभारा किंवा प्रार्थनेची मुख्य जागा बंद राहणार का, आत काय चालत नाही, रोजची पूजा-नमाज किती वाजता आणि तेव्हा माणसं कुठे बसतील, हॉल परत कधी मिळणार. आणि चावी दोन वेगवेगळ्या घरांत.

इशारा देण्याच्या कामात तर यांच्यासारखं कुणी नाही. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली, त्यानंतर बांगलादेशात स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि तिथे मेगाफोन, सायरनच्या जोडीला मशिदीचे लाउडस्पीकरही इशारा द्यायला वापरतात. यासाठी दोन-तीन वाक्यांचा मजकूर आधीच लिहून ठेवा, कुठे जायचं, काय घ्यायचं, कधी निघायचं, आणि कंट्रोल रूमकडून आल्याशिवाय कुणी काही वाचायचं नाही असं पक्कं ठरवा. "देव राखेल, घर सोडू नका" म्हणणारे धर्मगुरूही भेटतात, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याच परंपरेत जीव वाचवण्याबद्दल काय सांगितलंय ते त्यांच्याकडूनच लोकांना सांगायला लावा.

याची ताकद पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत दिसली. मृतदेहाला हात लावल्याने साथ पसरत होती आणि अंत्यविधी बंद करायला लोक तयार नव्हते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धार्मिक संस्थांना सोबत घेऊन अंत्यविधीची नवी पद्धत लिहिली, त्यात प्रार्थनेला आणि कुटुंबाला जागा दिली, मुस्लिमांसाठी मृतदेहाला पाण्याने आंघोळ घालण्याऐवजी कोरड्या शुद्धीची सोय ठेवली. म्हणजे मनाई करण्यापेक्षा काय काय ठेवता येईल हे एकत्र बसून शोधलं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. मदतीला धर्माची अट लावायची नाही. रेड क्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेत हे स्पष्ट लिहिलंय की मदतीचा वापर कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी होणार नाही. पाकिटात पत्रक नको, जेवणाआधी सक्तीची प्रार्थना नको, रांगेत "आपले" आधी असं तर नकोच नको. कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर जरूर करा, तो आधार मोठा असतो. पण ज्याचं मूल गेलंय त्याला "देवाची इच्छा" म्हणू नका, मानसिक प्रथमोपचारात शिकवतात तसं करा: बघा, ऐका, आणि योग्य माणसाशी जोडून द्या. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, एकटं कुणीच नाही, ते कितीही आदरणीय असले तरी.

आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग यायला लागतात, ते थांबवा, काय हवंय आणि काय नकोय हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. खरं काम कॅमेरे गेल्यावर सुरू होतं आणि तिथेच या संस्था टिकतात, कारण त्या तिथल्याच असतात. अमेरिकेत १९६९ च्या कमील वादळात सगळे आपापलं काम करत होते, एका ठिकाणी दुप्पट मदत आणि दुसरीकडे काहीच नाही, त्यातूनच १९७० मध्ये स्वयंसेवी संस्थांनी एकत्र यायचं ठरवलं. तिथली एक पद्धत मला फार आवडते. सगळ्या संस्था एका टेबलाभोवती बसतात, कार्यकर्ता एकेक कुटुंबाची केस मांडतो, विमा, सरकारी मदत सगळं धरून अजून काय कमी पडतंय ते सांगतो, मग कुणी पत्रे देतं, कुणी सुतार देतं, कुणी उरलेले पैसे. हे टेबल दर महिन्याला भरवा, वर्षभर तरी. धर्मगुरूंनाही सुट्टी लावून द्या, ते इतरांचं ऐकून ऐकून थकतात आणि त्यांचंही घर पडलेलं असू शकतं.

आणि फोननंबरांची यादी दर सहा महिन्यांनी तपासा, विश्वस्त बदलतात, चावीवाले बदलतात, बदललेला नंबर लगेच कंट्रोल रूमलाही कळवा.