हम येतोय म्हणून अर्थची पिन कापू नका, आणि होम स्टुडिओतल्या बाकीच्या चुका

आठवड्याला एक तरी फोन असतोच, "दादा, स्पीकरमधून घूंऽऽ येतंय (यालाच हम म्हणतात), कुठली केबल घेऊ?" अरे बाबा केबल घेशील नंतर, आधी सांग काय कशात खुपसलंयस. तेच कुणाला सांगता येत नाही, कारण टेबलाच्या मागे वाकून बघायचा कंटाळा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे प्लगचं अर्थिंगच काढून टाकणं. तीन पिनांच्या प्लगची जाड लांब पिन मोडायची, नाहीतर दोन पिनांचा कन्व्हर्टर घालायचा, की हम गायब. गायब होतो हे खरंय. दोन मशीनना दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थ मिळत असेल तर त्यांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून (तारांभोवतीच्या जाळीतून) करंट फिरत राहतो, तो ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत १००, १५० असा ऐकू येतो. पिन मोडली की हा लूप तुटतो. पण मग आत काही शॉर्ट झालं आणि बॉडीवर २३० व्होल्ट आले तर त्यांना जायला रस्ता कुठला? माइक धरलेला माणूस.

तीन-चार वर्षांपूर्वी पुण्यात पेठेतल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये गेलो होतो. पोरगा हुशार, गाणंही चांगलं, खोलीला फोम वगैरे लावलेला. तक्रार काय, तर गायिकेच्या ओठाला माइकच्या जाळीचा झटका बसला. म्हटलं अर्थिंग कसं आहे, तर म्हणे एकदम परफेक्ट, वायरमननं मीटर लावून दाखवलं, अर्थ-न्यूट्रल शून्य व्होल्ट. तिथेच मला शंका आली. मी नेहमी पिशवीत मल्टिमीटर ठेवतो आणि ज्याच्या घरी जातो त्याची इस्त्री मागतो. इस्त्री त्याच बोर्डवर चालू केली की न्यूट्रलवर लोड येतो आणि अर्थ-न्यूट्रलमध्ये थोडे का होईना व्होल्ट वाढायला हवेत, एखादा-दीड तरी. इथे काटेकोर शून्य. त्याच वायरमनला बोलावलं, मेन बंद करून बोर्ड उघडायला लावला, तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूमध्ये बोटभर लाल वायरचा तुकडा! बिल्डिंगमध्ये त्या खोलीपर्यंत अर्थची वायर आलेलीच नव्हती, म्हणून भाऊंनी न्यूट्रललाच अर्थ करून टाकलं. मागच्या जॉइंटला न्यूट्रल ढिला झाला होता, तो सुटला की चालू असलेल्या मशीनमधून फेज फिरून थेट सगळ्या बॉड्यांवर. त्या मुलीचं नशीब म्हणून निभावलं. मीटरपासून नवीन हिरवी वायर ओढून घेतली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवला, सगळा खर्च मिळून त्यानं आधी घेतलेल्या 'प्रीमियम' पॉवर केबलपेक्षा कमी. आणि कृपा करून हे बोर्ड उघडणं वगैरे स्वतः करू नका, लायसन्सवाला माणूस बोलवा, फक्त त्याच्या शेजारी उभे राहा.

लूप तोडायचाच असेल तर ऑडिओच्या बाजूनं तोडा, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ऑडिओ केबलच्या मध्ये लावायचा छोटा डबा) घ्या, त्यावर शील्डची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं. आणि सगळं सामान एकाच पॉइंटवरून चालवा. लोड येईल म्हणून घाबरतात लोक, पण इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा), लॅपटॉप आणि पाच इंची दोन स्पीकर मिळून घरातल्या मिक्सरएवढीही वीज खात नाहीत (चटणीवाल्या मिक्सरबद्दल बोलतोय).

हम शोधायची माझी पद्धत म्हणाल तर फार साधी आणि फार बोअर. सगळ्या ऑडिओ केबल काढायच्या, नुसते स्पीकर चालू करायचे. शांत आहेत? मग एक केबल, ऐका. दुसरी केबल, ऐका. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्म्या केसेस तिथेच संपतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरवर असेल तर फुल किंवा बंद करून बघा. अर्धा तास जातो, पण नवीन पोरांना अर्धा तास नसतो, ऑनलाइन ऑर्डर करायला मात्र असतो.

दुसरं, इंटरफेसमधून स्पीकरला गिटारची केबल लावणं. जॅक बसतो ना, मग चालतंय की! जॅकवर काळ्या रेघा मोजा. एक रेघ म्हणजे मोनो, अनबॅलन्स्ड. दोन रेघा म्हणजे टीआरएस, बॅलन्स्ड, त्यात तोच सिग्नल सरळ आणि उलटा अशा दोन तारांतून जातो, वाटेत दोन्हींवर सारखीच घाण बसते आणि स्पीकर फक्त फरक घेतो, म्हणून घाण कटते. मोनो लावलीत की हे सगळं फुकट. स्वतः सोल्डर करत असाल तर एक्सएलआरला (माइकचा तीन पिनांचा गोल जॅक) १ शील्ड, २ हॉट म्हणजे सरळ सिग्नल, ३ कोल्ड म्हणजे उलटा, आणि जॅकचं कव्हर आधी वायरवर चढवा. वीस वर्षं झाली, मी अजून विसरतो.

माइकला केबलमधून वीज देणारे ४८ व्होल्ट (फँटम पॉवर) चालू ठेवून माइक काढू-घालू नका, बंद करून दहा सेकंद थांबा. जुना रिबन माइक (आत पातळ धातूची पट्टी असलेला) असेल तर हे ४८ व्होल्ट चालूच करू नका. हा ४८ आकडा कुठून आला माहितीये? १९६६ च्या सुमाराला न्यूमन या जर्मन माइक कंपनीनं नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी माइक बनवले, तिथे लाइट गेल्यावरच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीच होती, तीच वापरली.

स्पीकर सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद. धप्प आवाज आला म्हणजे तुम्ही उलटं केलंत.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग नको, लाइट यायची वाट बघा.

अमेरिकेहून भाऊ-बहिणीनं प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारं मशीन) आणला तर प्लग बदलायच्या आधी मागचा व्होल्टेजचा स्विच बघा. ११५ वर असेल आणि तसाच २३० मध्ये घातलात तर फ्यूज उडण्यावर निभावलं तर ठीक. स्विचच नसेल आणि लेबलवर नुसतं १२० लिहिलं असेल तर व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

आणि केबल कोपराभोवती दोरीसारखी गुंडाळू नका रे. एक वेढा वरून, एक खालून. माझ्याकडे आलेल्या पोराला पहिले दोन दिवस मी हेच करायला लावतो, निम्मे तिसऱ्या दिवशी येत नाहीत.