आंतरराज्य पाण्यावर निवेदन देताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातील पाणीवापर संस्था आणि ग्रामपंचायती पाण्यासाठी तळमळीने निवेदने देतात, पण ती बऱ्याचदा चुकीच्या दारी जातात. याचे मुख्य कारण खोऱ्यांची सरमिसळ हे आहे. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेला तेलंगणाकडे जाते, कळवण-मालेगावची गिरणा तापीला मिळते, तर पेठ-सुरगाण्याकडील दमणगंगा आणि नार-पार यांचे पाणी गुजरातेत उतरते. म्हणून ‘नाशिकचे पाणी’ असे मोघम न लिहिता नदी, खोरे आणि धरण यांची नावे सुरुवातीलाच द्यावीत.

दुसरी चूक गोदावरीवरील पैठणच्या जायकवाडी धरणाच्या बाबतीत होते. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यातील 1975 चा करार गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाच्या 1980 च्या निवाड्यात समाविष्ट झाला. त्यानुसार पैठणपर्यंतचे गोदावरीचे सर्व पाणी महाराष्ट्राला वापरता येते. त्यामुळे नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांतून जायकवाडीसाठी किती पाणी खाली सोडायचे, हा वाद राज्यांतर्गत ठरतो. त्यासाठी 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा पाहावा लागतो. 1956 च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याचा दाखला तेथे उपयोगी पडत नाही.

करारातील किंवा न्यायालयाच्या आदेशातील केवळ आकडा वाचणे आणि तारखा सोडून देणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नांदेड जिल्ह्यातील गोदावरीवरील बाभळी बंधारा 2.74 टीएमसीचा (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी त्याला मुभा दिली, परंतु 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याची आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडण्याची अट घातली. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा एक आणि महाराष्ट्र व तेव्हाचा आंध्र प्रदेश यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असलेली समितीही नेमली. ऑक्टोबरअखेर दरवाजे खाली येईपर्यंत पावसाळ्याचा मुख्य प्रवाह निघून गेलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कागदावरचा साठा आणि शेतकऱ्याच्या हाती येणारे पाणी यांतील अंतर कळते. राज्यांमधील सहकार्य टिकते ते दोन्ही बाजूंनी पाळायच्या अशा तारखांवर आणि एकत्र केलेल्या मोजणीवर.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट पाणी आणि टीएमसी म्हणजे पाण्याचा एकूण साठा, हा फरकही जपावा. सुमारे 11,574 क्युसेकचा विसर्ग पूर्ण चोवीस तास चालला, तर एक टीएमसी पाणी जाते.

शेवटी, 3 मे 2010 रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात झालेला सामंजस्य करार दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या नदीजोड प्रकल्पांचे सविस्तर अहवाल तयार करण्यासाठी होता. तो पाणीवाटपाचा करार म्हणून उद्धृत करू नये. धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांची गरज निवेदनात स्वतंत्रपणे, गावांच्या नावांसह मांडावी, कारण दोन राज्यांच्या हिशेबात ती आपोआप धरली जात नाही.